परदेशी पाहुण्यांना आपलं ठाणं दाखवताना इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

मासुंदा
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ राहते, नोकरी ऐरोलीत आयटीत. दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या टीमकडे परदेशातून कुणीतरी येतं. सोमवार ते शुक्रवार कामात जातात आणि शुक्रवारी संध्याकाळी ठरलेला प्रश्न येतो: वीकेंडला काय बघू?

मागच्या वर्षी एक पाहुणे आले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना म्हटलं, "यू मस्ट व्हिजिट कोपिनेश्वर टेंपल. व्हेरी फेमस, व्हेरी पॉवरफुल गॉड." ते हसले, "साउंड्स नाइस" म्हणाले, आणि शनिवार-रविवार हॉटेल आणि मॉलमध्येच राहिले. सोमवारी हे कळलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. मी लहानपणापासून ज्या देवळात जाते, तिथे सकाळी सातला फुलबाजारातून चालत जाण्यात काय सुख आहे, ते मला त्यांच्यापर्यंत पोचवता आलं नव्हतं. कामाचं इंग्रजी मला नीट येतं. मीटिंगमध्ये अडत नाही. पण आपलं गाव दाखवायची वेळ आली की "फेमस", "नाइस", "मस्ट व्हिजिट" याच्या पुढे गाडी जात नाही.

पुढच्या शनिवारी एक डच पाहुणी आहे. या वेळी मला तयारी करून जायचंय. तुमच्यापैकी कुणी परदेशी लोकांना ठाणे-नवी मुंबईत फिरवलं असेल तर तुम्ही वापरता ती वाक्यं सांगा. नुसती ठिकाणांची यादी नको, ती माझ्याकडे आहे. वाक्यं हवी आहेत.

घणसोलीकर
धाग्याला +१. मला तर आता कळलं की "डू वन थिंग" हे फक्त आपल्याकडेच चालतं. "एक काम करा, आधी तलावपाळीला जा" हे मी वर्षानुवर्षं "डू वन थिंग, फर्स्ट गो टू" असंच सांगत आलो. समोरचा पुढच्या "टू थिंग्ज, थ्री थिंग्ज"ची वाट बघत बसतो. तसंच "नियर ओन्ली". वाचतोय.

शाळाबाई
मासुंदाताई, तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. माझा मुलगा परदेशात असल्यामुळे त्याचे मित्र आमच्याकडे उतरतात, तेव्हा हा विषय माझ्या रोजच्या अनुभवातला आहे. सविस्तर लिहिते.

तुमच्या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नव्हती. अडचण अशी की "फेमस" ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. तिथे मला काय दिसेल, किती वेळ लागेल, चालावं किती लागेल, आणि नाही गेलो तर तुम्हाला वाईट वाटेल का, हे त्याला कळायला हवं असतं. म्हणून ठिकाणाचं नाव सांगण्याआधी त्याचा कल विचारा. "आर यू मोअर इंटू ओल्ड बिल्डिंग्ज, नेचर, ऑर फूड?" किंवा नुसतं "व्हॉट डू यू युजुअली लाइक टू सी व्हेन यू ट्रॅव्हल?" मग त्याच्या उत्तराला धरून: "इन दॅट केस, देअर्स अ प्लेस आय थिंक यू'ड रिअली एन्जॉय." "इन दॅट केस" म्हणजे आपलं "मग असं असेल तर". एवढ्यानेच पाहुण्याला कळतं की ही बाई सगळ्यांना सांगते तेच मला सांगत नाहीये.

"मस्ट"बद्दल. हा शब्द टाळाच असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. उत्साहाने "यू मस्ट ट्राय द पुरणपोळी" म्हटलं तर इंग्रजीतही ते प्रेमाचंच वाटतं. जिथे नियम सांगायचा असतो तिथे मात्र "मस्ट" हुकमासारखा लागतो. "यू मस्ट रिमूव्ह युअर शूज" ही पाटीवरची भाषा झाली. बोलताना मी "वी" वापरते: "वी लीव्ह अवर शूज आउटसाइड." आम्ही चपला बाहेर काढतो. पाहुणा लगेच वाकून नाड्या सोडायला लागतो. त्याला आज्ञा दिलेली नसते, आपल्यात घेतलेलं असतं. तसंच "वी युजुअली वॉक अराउंड द श्राइन क्लॉकवाइज", म्हणजे प्रदक्षिणा.

आता आपल्या मराठी माणसांच्या दोन ठरलेल्या चुका. "आय विल सजेस्ट यू टू गो" असं होत नाही. "आय'ड सजेस्ट गोइंग अर्ली" असं म्हणतात. आणि अंतर सांगताना "इट इज वन अवर फार" नको, "इट्स अबाउट अ‍ॅन अवर अवे". चालत जाण्याइतकं असेल तर "वॉकेबल डिस्टन्स" आपल्याकडे रूढ आहे, बाहेर "विदिन वॉकिंग डिस्टन्स" म्हणतात.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. "साउंड्स नाइस" हा होकार नसतो. "मेबी नेक्स्ट टाइम" हा तर सरळ नकार. तो ओळखून सोडून द्यावं. आणि नकार देणं त्याला सोपं जावं म्हणून आपणच आधी म्हणावं: "नो प्रेशर अ‍ॅट ऑल, इट्स जस्ट अ‍ॅन आयडिया." आपल्याकडे आग्रह हेच आदरातिथ्य असतं, पानात एक जास्तीची पोळी पडायलाच हवी. बाहेरच्या माणसाला तो आग्रह कधीकधी कोंडीत पकडल्यासारखा वाटतो.

पक्षीवेडा
बाई, सुंदर लिहिलंत. मी ठाणे खाडीच्या फ्लेमिंगोंबद्दल सांगतो, कारण तिथे एक शब्द हमखास गोंधळ घालतो. तो शब्द म्हणजे "क्रीक".

आपण सहज म्हणतो, "लेट्स गो टू ठाणे क्रीक." अमेरिकन माणसाच्या लेखी क्रीक म्हणजे ओढा, उडी मारून ओलांडता येईल असा. माझ्या एका पाहुण्याने घोट्यापर्यंतचे बूट आणले होते, पाण्यात उतरावं लागेल म्हणून. ऐरोलीला पलीकडचा काठ बघून तो थक्क झाला. तेव्हापासून मी म्हणतो, "इट्स अ वाइड टायडल इनलेट, व्हेअर द सी कम्स इन." भरतीचं पाणी आत येतं ती रुंद खाडी. ब्रिटिश माणसाला "क्रीक" समजतं, पण त्याच्याशीही "टायडल" जोडलेलं बरं.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते ती भरती-ओहोटी बघून. म्हणून "वी विल गो अ‍ॅट टेन" असं छातीठोक सांगू नका. "द बोट्स गो आउट विथ द टाइड, सो लेट मी चेक द टाइम्स फर्स्ट" म्हणा. आणि पक्ष्यांची खात्री देऊ नका. हिवाळा ते उन्हाळा हा त्यांचा मोसम, पण पक्षी आपल्या शब्दाला बांधलेला नाही. "वी've गॉट अ गुड चान्स ऑफ सीइंग फ्लेमिंगोज" एवढंच. चांगली शक्यता आहे. हे असं म्हटलेलं असलं की ते गुलाबी पट्टे खरोखर दिसतात तेव्हा आनंद दुप्पट होतो.

ज्यांना महत्त्व सांगायचंय त्यांनी "व्हेरी फेमस"ऐवजी हे सांगा: २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत आली. "इट्स अ रामसार साइट, अ वेटलँड ऑफ इंटरनॅशनल इम्पॉर्टन्स." निसर्गाची आवड असलेल्याला एवढं पुरतं. दोन मोठ्या शहरांच्या मधोमध हे आहे, ही गोष्ट त्याला स्वतःच दिसते.

मासुंदा
क्रीकचं कधी डोक्यातच आलं नव्हतं! बाई, "वी"ची युक्ती लिहून ठेवली. आता देवळातले शब्द सांगाल का? दर्शन, प्रसाद, जागृत देवस्थान. मी "पॉवरफुल गॉड" म्हटलं तेव्हा माझ्या मनात "जागृत" होतं.

शाळाबाई
मला वाटलंच होतं. "जागृत"चा शब्दाला शब्द देऊ नका, लोक काय मानतात ते सांगा: "पीपल हिअर फील देअर प्रेअर्स आर हर्ड." इथे केलेली प्रार्थना पोचते असं लोकांना वाटतं. यात दावा नाही, श्रद्धा आहे, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला ती समजते.

दर्शनाला इंग्रजीत शब्द नाही, म्हणून मी दर्शनच म्हणते आणि एक वाक्य जोडते: "वी कम टू सी द गॉड, अँड टू बी सीन." प्रसाद म्हणजे "फूड दॅट्स बीन ऑफर्ड टू द गॉड अँड देन शेअर्ड". तो देताना: "यू'र वेलकम टू ट्राय सम, बट प्लीज डोन्ट फील यू हॅव टू." पथ्य असतं, धर्म असतो, पोटाची भीती असते. त्यांनी हातात घेऊन नाही खाल्लं तरी चालेल, हे तोंडाने सांगावं लागतं.

आणि "टँक" म्हणू नका. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत तलावाला टँक म्हटलंय, पण पाहुणा गच्चीवरची टाकी शोधतो. तलावपाळीला "लेक", कुंड असेल तर "टेंपल पाँड".

अंबरनाथवाला
ठाण्यातून पाऊण तास लोकलने या की आमच्याकडे! इकडचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं, वालधुनी नदीच्या काठी. मी आतापर्यंत तीन-चार परदेशी माणसांना दाखवलंय.

मी आधी शिलाहार, भूमिज शैली, शिलालेख असं सगळं सांगायचो. डोळे थकलेले दिसायचे. आता बाहेर भिंतीपाशी उभं करतो आणि म्हणतो, "टेक युअर टाइम. स्टार्ट फ्रॉम द बॉटम रो अँड वर्क युअर वे अप." खालच्या थरापासून वर बघत जा. मग गप्प राहतो. कोरीवकाम इतकं दाट आहे की माणूस स्वतःच विचारायला लागतो, आणि त्याने विचारलं की माझं उत्तर त्याला हवं असतं. आत गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. तिथे "माइंड युअर स्टेप, इट्स अ बिट डार्क" हे विसरू नये. उतरताना एवढंच म्हणतो, "पीपल हॅव बीन कमिंग डाउन दीज स्टेप्स टू प्रे फॉर ओव्हर नाइन हंड्रेड इयर्स, अँड दे स्टिल डू." त्यांच्याकडची इतकी जुनी ठिकाणं बऱ्याचदा तिकीट लावून बघायची असतात. इथे बेल वाहणारी बाई शेजारी उभी असते. हे "स्टिल" फार मोलाचं आहे.

आकडे सांगताना लाख-कोटी नको. "वन लाख पीपल कम ऑन महाशिवरात्री" त्यांना कळत नाही, "अ हंड्रेड थाउजंड" म्हणावं लागतं. मी आकडाच देत नाही, "इट गेट्स अनबिलीव्हेबली क्राउडेड" म्हणतो आणि महाशिवरात्रीला न्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडतो.

चेंदणीकर
धागा चांगला चाललाय म्हणून आमच्या कोळीवाड्यांबद्दल लिहितो. ठाण्यात चेंदणी, तिकडे बेलापूरला दिवाळे, नेरुळला सारसोळे, शिवाय वाशीगाव. पाहुण्यांना घेऊन जरूर या. पण आमच्याबद्दल काय बोलता ते जरा जपा.

एकदा एक साहेब बाहेरच्या दोघांना घेऊन आले होते. आमची आई दारात जाळं दुरुस्त करत होती. साहेब तिच्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाले की हे फिशरमन स्लम आहे. मी दहावी पास होतो, मला कळलं. आईला कळलं नाही, ती त्यांच्याकडे बघून हसली. ते हसणं मी विसरलेलो नाही.

म्हणा: "धिस इज अ फिशिंग व्हिलेज. द कोळीज वेअर हिअर लाँग बिफोर द सिटी." शहर आमच्याभोवती नंतर उभं राहिलं. आणि आत शिरण्याआधी पाहुण्याला सांगा, "पीपल लिव्ह हिअर, सो लेट्स आस्क बिफोर वी टेक एनी फोटोज." म्हावऱ्याच्या पाटीवर बसलेल्या बाईला मराठीत विचारा, "मावशी, फोटो काढला तर चालेल का?" बहुतेक वेळा ती पदर सारखा करून, सगळ्यात मोठी सुरमई पुढे करून बसेल. पण विचारायचं.

नारळी पौर्णिमेला आणलंत तर उत्तम. मी पाहुण्यांना सांगतो: "वी ऑफर अ कोकोनट टू द सी, अँड आस्क इट टू बी काइंड टू अवर बोट्स." दर्याला नारळ देतो आणि होड्यांना सांभाळ म्हणतो. मग मिरवणूक, "प्रोसेशन". आणि मिरवणुकीत पाहुण्याला कडेला उभं करू नका. "यू'र वेलकम टू जॉइन इन" एवढं म्हटलं की तो नाचतोच.

मासुंदा
चेंदणीकर दादा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मीही बोलताना कधी "ओल्ड एरिया, लिट्ल डर्टी" असलं म्हटलंय. आपणच आपल्या गावाची माफी मागत फिरतो. पुन्हा म्हणणार नाही.

घणसोलीकर
सगळं पटतंय, पण एक शंका. "नो प्रेशर", "इफ यू लाइक", "यू डोन्ट हॅव टू" असं दर वाक्याला लावलं तर आपला उत्साहच उरत नाही. आपण आग्रही माणसं आहोत. तेही त्यांना दिसू दे की! मी तर मिसळ खायला नेतो तेव्हा सांगतो, "आय've बीन ईटिंग हिअर सिन्स आय वॉज अ किड, अँड आय'm नॉट लेटिंग यू लीव्ह ठाणे विदाउट ट्रायिंग इट." आजवर कुणी नाही म्हणालं नाही.

शाळाबाई
घणसोलीकर, तुमचं वाक्य उत्तम आहे, मी ते माझ्याकडे घेतलं. त्यात तुम्ही स्वतः आहात, तुमचं लहानपण आहे, म्हणून आग्रह गोड लागतो. मोकळीक द्यायची ती देवळात, कुणाच्या घरात, धर्माच्या आणि पोटाच्या बाबतीत. मिसळीच्या बाबतीत फक्त आधी विचारा: "हाउ स्पायसी डू यू युजुअली गो?" आणि "हॉट" शब्द टाळा, त्यांना वाटतं गरम. तर्री वेगळी मागवा: "स्टार्ट विदाउट द ग्रेव्ही ऑन टॉप, अँड अ‍ॅड अ लिट्ल अ‍ॅट अ टाइम."

रुळांचा_माणूस
रेल्वेत हयात गेली, म्हणून स्टेशनाबद्दल बोललंच पाहिजे. पाहुणे ठाणे स्टेशनवर उतरतात आणि गर्दीने गांगरतात. तिथेच, पुलावर कडेला थांबून मी सांगतो: "इंडियाज फर्स्ट पॅसेंजर ट्रेन केम राइट हिअर, टू ठाणे, इन एटीन फिफ्टी-थ्री." १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघाली, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० माणसं आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. इंजिनांची नावं जरूर सांगा. "थ्री इंजिन्स पुल्ड इट, अँड दे हॅड नेम्स." नावं ऐकली की प्रत्येक जण हसतो आणि लक्षात ठेवतो. मग खालच्या गर्दीकडे तो वेगळ्या नजरेने बघतो.

अजून एक. पाहुणा गावाचं नाव "थेन" वाचतो, कारण स्पेलिंग तसं आहे. लाजू नका, पहिल्या दिवशीच सांगा: "वी से ठाणे." दोनदा म्हणून घ्या. रिक्षावाल्याशी बोलताना त्याला उपयोगी पडतं.

पनवेलची_लेक
एक ठिकाण राहिलं. ठाण्यातलं शार हशामाईम सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं. आमच्या पनवेलला बेथ एल आहे, ते १८४९ चं. बेने इस्राएली मंडळी कोकणात शतकानुशतकं राहिली, तेलाचा धंदा करायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मातृभाषा मराठी. परदेशी पाहुण्याला मी सांगते, "देअर्स अ ज्यूइश कम्युनिटी हिअर दॅट स्पीक्स मराठी अ‍ॅट होम." यावर समोरचा हमखास थांबतो आणि "रिअली?" म्हणतो. आत जायचं तर अचानक जाऊ नये. "वी'ल नीड टू आस्क अहेड" असं त्यांना आधीच सांगून ठेवा. तलावपाळीलगत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चही आहे. देऊळ, चर्च आणि सिनेगॉग, "ऑल विदिन वॉकिंग डिस्टन्स". बाई, बरोबर ना?

शाळाबाई
शंभर टक्के.

मासुंदा
मंडळी, काल शनिवार झाला. वृत्तांत देते.

शुक्रवारी तिला विचारलं, "व्हॉट डू यू युजुअली लाइक टू सी व्हेन यू ट्रॅव्हल?" ती म्हणाली, "मार्केट्स. मॉर्निंग्ज." माझ्या मनातलं ठिकाण अख्खं त्या दोन शब्दांत बसत होतं. मी म्हटलं, "इन दॅट केस, कम अँड सी माय नेबरहुड बिफोर इट वेक्स अप." बरोबर सातला आली.

जांभळी नाक्याला झेंडूचे ढीग उतरत होते. फूलवाला दोऱ्याची रिळं पायाच्या अंगठ्याला अडकवून हार ओवत होता, ती पाच मिनिटं तिथून हललीच नाही. फोटोसाठी मी मराठीत विचारलं, त्याने मानेनेच हो म्हटलं आणि एक सुटं फूल तिच्या हातात दिलं. देवळाच्या दारात मी "वी लीव्ह अवर शूज आउटसाइड" म्हटलं. पुढे सांगावं लागलं नाही.

आत नंदीपाशी एक आजी होत्या, नऊवारीतल्या. त्यांनी अंगठा आणि तर्जनी नंदीच्या शिंगांवर टेकवली आणि वाकून त्यामधून पिंडीकडे बघितलं. पाहुणी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "दॅट्स नंदी. ही नेव्हर टेक्स हिज आइज ऑफ शिवा, सो वी बॉरो हिज व्ह्यू." हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं, तिथेच सुचलं. आजींनी मागे वळून तिला हाताने खूण केली, ये, तू पण बघ. मी म्हटलं, "यू'र वेलकम टू, बट यू डोन्ट हॅव टू." ती केव्हाच वाकली होती. आजींनी तिची बोटं धरून नीट शिंगांवर ठेवली.

मग आजी नंदीच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या. बाहेर आल्यावर पाहुणीने विचारलं, "व्हॉट वॉज शी टेलिंग हिम?" आजींचा नवस असणार, पण नवसाला शब्द काही केल्या सुचेना. "विश" म्हटलं, ते पुरेसं वाटलं नाही. नवसात फक्त मागणं नसतं ना. बाई, काय म्हणायला हवं होतं?

शाळाबाई
"अ व्हाव." पण नुसत्या शब्दावर थांबू नका, लग्नातल्या शपथेलाही तोच शब्द आहे. असं सांगा: "शी आस्क्ड फॉर समथिंग, अँड प्रॉमिस्ड समथिंग इन रिटर्न." आणि आजींनी काय मागितलं ते आपल्याला माहीत नाही, हेही सांगा. "दॅट्स बिट्वीन हर अँड द बुल."

मासुंदा
आत्ताच मेसेज केला तिला. आज दुपारी चेंदणीला नेतेय, दादा, तुम्ही असाल का?

चेंदणीकर
आई घरीच आहे. या. चहा घेऊनच जायचं.